समेट

आम्हा मराठी ख्रिस्ती घरांत काही शब्द बायबलमधून आले आणि घरचेच होऊन गेले. इतरांच्या घरी 'मंडळी' म्हणजे बायको किंवा जमलेले लोक, आमच्याकडे मंडळी म्हणजे चर्चचा समुदाय. भेटल्यावर आम्ही 'सलाम' म्हणतो. 'मध्यस्थ' म्हटलं की गावातला एखादा वजनदार माणूस डोळ्यांपुढं येत नाही, येशू येतो. 'समेट' हा शब्द मात्र आमच्या घरात दोन दारांनी आला. एका दारानं पौलाच्या पत्रांमधून आणि डोंगरावरच्या प्रवचनामधून. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, असं त्या प्रवचनात येशू सांगतो. दुसऱ्या दारानं तो आला गावच्या चावडीवरून आणि तालुक्याच्या कोर्टातून. माझ्या वडिलांचा या शब्दावर जो राग होता, तो या दुसऱ्या दाराचा होता.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. माझे आजोबा महारवाड्यातून मिशनच्या शाळेत गेलेले, बाप्तिस्मा घेतलेले. १९४६ च्या सुमारास एकदा ते पायताण घालून चावडीपुढून गेले म्हणून त्यांच्या थोबाडीत बसली. चार दिवसांनी दोन्हीकडचे बसले आणि समेट झाला. समेट असा, की आजोबांनी हात जोडून माफी मागितली. मारणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. मिशनच्या मास्तरांनी आजोबांना एकीकडं नेऊन दुसरा गाल पुढं करण्याबद्दल सांगितलं. माझे वडील तेव्हा आठ वर्षांचे होते आणि आजोबांचं धोतर धरून उभे होते. पुढं आयुष्यभर ते म्हणत, "गाल पुढं करायला आपल्याला कुणी शिकवायला नको होतं. पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं. शिकवायचंच होतं तर ज्याचा हात होता त्याला शिकवायचं."

ख्रिस्ती अहिंसेविषयी मी जे काही वाचलं, ऐकलं, त्यापुढं हे वाक्य नेहमी उभं राहिलं. ज्याच्या हातात काठी आहे त्यानं ती खाली ठेवली तर तो अहिंसक. ज्याच्या हातात काठी कधी नव्हतीच, त्याला 'तू शांत राहा' असं सांगणं म्हणजे काय? चर्चमध्ये हा प्रश्न मोठ्यानं विचारायची आमच्यात रीत नाही. घरी मात्र वडील रविवारच्या जेवणावर तो हमखास काढत.

वडील फौजेत गेले ते यातूनच. वैद्यकीय विभागात नर्सिंग असिस्टंट होते. १९६३ पासून दोन वर्षं त्यांची नेमणूक नागा टेकड्यांमध्ये होती. मी दीड-दोन वर्षांची, आईबरोबर नगरला. त्या काळाविषयी ते फार बोलत नसत. एकच गोष्ट मात्र अनेकदा सांगत. ६ सप्टेंबर १९६४ ला युद्धबंदी लागू झाली. आदल्या रात्री कुणाचा विश्वास बसला नव्हता. सकाळ झाली तरी कुठून काही आवाज नाही. मग खालच्या गावातून गाणं ऐकू आलं. "तेव्हा लक्षात आलं, आज रविवार आहे," ते म्हणत. "वर्षभर रविवार यायचा, पण कळायचं नाही."

तो दिवस खरोखरच रविवार होता. आणि ती युद्धबंदी चर्चनं घडवून आणली होती, हे मात्र वडिलांनी कधी सांगितलं नाही. कदाचित छावणीतल्या नर्सिंग असिस्टंटला ते माहीतही नसेल. मला ते कळलं त्रेचाळीस वर्षांनी, बँकेनं बढती देऊन माझी बदली दिमापूरला केली तेव्हा.

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण आपल्याकडं नागालँड म्हटलं की हॉर्नबिल उत्सव आणि तिखट मिरची यापलीकडं बोलणं जात नाही. अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी क्लार्क १८७२ मध्ये आओ नागांच्या गावात पोचले. शंभर वर्षांच्या आत तिथला बहुतेक समाज बॅप्टिस्ट झाला. स्वातंत्र्यानंतर नागांच्या वेगळ्या राष्ट्राची मागणी शस्त्रांपर्यंत गेली. लष्कर आलं, गावं जळाली, माणसं रानात पळाली. १९५८ मध्ये सैन्याला विशेषाधिकार देणारा कायदा आला. १ डिसेंबर १९६३ ला नागालँड राज्य झालं, तरी लढाई थांबली नाही. १९६४ च्या सुरुवातीला वोखा इथं बॅप्टिस्ट चर्चचं मोठं अधिवेशन भरलं आणि तिथं ठरलं की शांततेसाठी एक मंडळ नेमायचं. त्यासाठी तिघांना बोलवायचं.

ते तिघं कोण, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. एक जयप्रकाश नारायण. दुसरे आसामचे मुख्यमंत्री बिमला प्रसाद चालिहा. तिसरे रेव्हरंड मायकेल स्कॉट, इंग्लंडच्या चर्चचे धर्मगुरू. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाविरुद्ध उभे राहिलेले, १९४६ मध्ये डर्बनला भारतीयांच्या सत्याग्रहात सामील होऊन तुरुंगात गेलेले. म्हणजे बॅप्टिस्ट चर्चनं शांततेसाठी ज्या तिघांना हाक मारली, त्यांतला एकही बॅप्टिस्ट नव्हता आणि दोघे ख्रिस्तीही नव्हते. एकावर दिल्लीचा विश्वास, एकावर नागांचा, तर एक दोघांच्याही ओळखीचा. 'मध्यस्थ' शब्दाचा व्यवहारातला अर्थ त्या मंडळींना नेमका कळला होता. आपला धर्म पुढं करण्यापेक्षा ज्याचं दोन्हीकडं ऐकलं जाईल असा माणूस शोधायचा.

पण त्याआधीची पायपीट चर्चच्याच लोकांनी केली. रेव्हरंड लोंगरी आओंसारखे पाळक रानातल्या लोकांना भेटत राहिले. अशा माणसाकडं दोन्ही बाजू संशयानं बघतात. फौजेला तो बंडखोरांचा वाटतो, बंडखोरांना सरकारचा. हे वाचताना मला कायम वाटायचं, मध्यस्थाचं काम म्हणजे दोघांची मैत्री मिळवणं नव्हे. दोघांचा संशय एकाच वेळी सहन करणं, हेच ते काम.

युद्धबंदी झाल्यावर ती पाळली जाते की नाही हे बघायला निरीक्षक नेमले गेले. त्यांत तमिळनाडूतले डॉ. एम. अराम होते, ओडिशाचे माजी मुख्यमंत्री नवकृष्ण चौधरी होते आणि मार्जरी साइक्स नावाची एक बाई होती. साइक्सबाईंचं नाव वर्ध्याकडच्या जुन्या लोकांना परकं नाही. यॉर्कशायरमध्ये १९०५ साली जन्मलेली ही बाई १९२८ मध्ये मद्रासला शिक्षिका म्हणून आली, पुढं क्वेकर झाली, शांतिनिकेतनात राहिली आणि गांधीजींच्या मृत्यूनंतर सेवाग्रामला नई तालीमच्या कामात आली. विनोबांच्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक तिनंच केलं. विनोबांनी १९५७ मध्ये शांतिसेनेची कल्पना मांडली, त्या शांतिसेनेच्या प्रशिक्षणातही ती होती. क्वेकरांच्या उपासनेत पुष्कळदा कुणीच बोलत नाही, सगळे एकत्र गप्प बसतात. युद्ध मुळातच नाकारणाऱ्या ज्या थोड्या ख्रिस्ती शाखा आहेत, त्यांतली ही एक.

निरीक्षकांचं काम मला बँकेतल्या तपासणीसारखं वाटतं. तक्रार आली की जायचं. या गावातून कुणी कर वसूल केला का? त्या रस्त्यावरून हत्यारं गेली का? फौजेनं ठरलेली हद्द ओलांडली का? दोन्हीकडचं ऐकायचं, लिहायचं, परत यायचं. भाषण नाही, चमत्कार नाही. कोहिमाजवळच्या चेदेमा इथं वाटाघाटींच्या बैठका होत. युद्धबंदीची मुदत संपत आली की ती वाढवून घ्यायची, पुन्हा संपत आली की पुन्हा.

त्यातून कायमचा तोडगा निघाला नाही, हेही सांगायला हवं. १९६६ मध्ये शांती मंडळ मोडलं. जयप्रकाशांनी राजीनामा दिला, स्कॉट यांना देश सोडायला लावलं. १९७२ मध्ये युद्धबंदी औपचारिकरीत्या संपली. १९७५ चा शिलाँग करार काहींनी मानला, काहींनी नाही. १९८० मध्ये नवी संघटना निघाली आणि १९८८ मध्ये तीही फुटली. मग नागाच नागांना मारू लागले. आणि यांतल्या गटांची घोषणा होती, नागालँड ख्रिस्तासाठी. ज्याच्या नावानं बंदूक उचलायची त्यानं स्वतः पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितलं होतं, हे रविवारी उपासनेत वाचायचं आणि सोमवारी विसरायचं. यात नागा मंडळी जगावेगळी नाहीत. युरोपनं हेच कित्येक शतकं केलं.

मी दिमापूरला पोचले त्या वर्षी गटांमधल्या चकमकी शहरात होत होत्या. दुपारी बँकेत गर्दी असायची आणि एकदम बाहेर शटर ओढल्याचे आवाज सुरू व्हायचे. आमचा शिपाई न सांगता उठून जाळीचं दार लावायचा. अर्ध्या तासानं पुन्हा उघडायचा. आत अडकलेली गिऱ्हाइकं तोवर फॉर्म भरत बसायची. पहिल्यांदा मी घाबरले. नंतर मला त्या फॉर्म भरण्याचीच भीती वाटू लागली.

आमच्या शाखेत एक म्हातारी बाई दर महिन्याला पेन्शनसाठी यायची. पासबुकात नोंद झाली की समोरच्या खुर्चीवर टेकायची. माझं मोडकंतोडकं नागामीज तिला करमणुकीचं वाटायचं. तिचा मुलगा एका गटानं मारला होता. हे तिनं मला सांगितलं नाही, दुसऱ्या एका सहकाऱ्याकडून कळलं. तिच्या चर्चमध्ये बुधवारी बायकांची प्रार्थना असायची, तिथं त्याच गटातल्या एकाची आई येत असे. मी एकदा धीर करून विचारलं, तुम्ही तिच्याशी बोलता का? ती म्हणाली, नाही. मग थोड्या वेळानं म्हणाली, पण आता मी तिच्याच बाकावर बसते. आधी खिडकीकडच्या बाकावर बसायचे. "ओलोप ओलोप," म्हणजे थोडं थोडं, असं म्हणून तिनं पासबुक पिशवीत ठेवलं.

क्षमा केली, असं ती म्हणाली नाही. माझ्याकडून तसं काही ऐकायची तिची अपेक्षाही नव्हती. बाक बदलला, एवढंच. पण बुधवारमागून बुधवार एका बाकावर बसायला काय लागत असेल, हे ज्याला मूल आहे त्यालाच कळेल.

अशा बायांच्या आधारावर तिथं बरंच काही उभं आहे. नागा मदर्स असोसिएशन १९८४ मध्ये स्थापन झाली. 'आता आणखी रक्त नको' अशी साद घालत या आया गटांच्या छावण्यांपर्यंत गेल्या. बेवारस पडलेल्या मुलांच्या प्रेतांवर त्यांनी शाली घातल्या. मी तिथं असतानाच, २००८ मध्ये, चर्चच्या पुढाकारानं नागा सलोख्यासाठी एक मंच सुरू झाला. थायलंडमधल्या चियांग माई इथं वेगवेगळ्या गटांची माणसं भेटू लागली, त्यात बॅप्टिस्टांबरोबर क्वेकरही होते. म्हणजे साइक्सबाईंनंतर चाळीस वर्षांनी त्यांचेच पंथबंधू पुन्हा त्याच कामाला. मंचाच्या लोकांबरोबर गटांच्या माणसांचा फुटबॉलचा सामनाही झाला. जून २००९ मध्ये प्रमुख गटांच्या नेत्यांनी सलोख्याच्या करारावर सह्या केल्या. त्यानंतर आपसातल्या हत्या पुष्कळ कमी झाल्या. थांबल्या नाहीत, कमी झाल्या. आमच्या शिपायाला जाळीचं दार क्वचितच लावावं लागे.

मी फोनवर हे सगळं वडिलांना सांगायची. ते सत्तरीत होते, ऐकू कमी यायचं, म्हणून मोठ्यानं बोलायचे.

"प्रार्थनेनं काही थांबलं नाही, माई. दमले म्हणून थांबले."

"असेल, बाबा. पण दमलेल्याला बसायला कुणीतरी जागा द्यावी लागते ना?"

"ते खरं," ते म्हणाले. मग लगेच, "पण मारलं कुणी ते लिहून घेतलं का कुणी?"

तेव्हा मला वाटलं, म्हातारपणी माणूस जुन्याच गोष्टी उगाळतो. आज तसं वाटत नाही.

४ डिसेंबर २०२१ ला मोन जिल्ह्यात ओटिंग गावाजवळ काय झालं, ते वर्तमानपत्रांत आलं होतं. कोळशाच्या खाणीतून घरी निघालेल्या मजुरांच्या पिकअपवर सैन्याच्या पथकानं गोळीबार केला. बंडखोर समजून, असं नंतर सांगण्यात आलं. सहा जण तिथंच गेले. चिडलेल्या लोकांशी झालेल्या झटापटीत आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीबारात आणखी माणसं गेली. एक जवानही मेला. मी तेव्हा नगरला परतले होते. वडील त्र्याऐंशी वर्षांचे. बातमी मी त्यांना वाचून दाखवली. वाटलं होतं, ते फौजेची बाजू घेतील. त्यांची ती सवयच होती आणि तो त्यांचा हक्कही होता.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शनिवार होता ना? म्हणजे घरी रविवार करायला निघाली होती पोरं."

संध्याकाळी पुन्हा स्वतःहून विषय काढला. "आता तिथं पाळक जातील, पुढारी जातील. समेट करा म्हणतील. त्यांना सांगायला पाहिजे, आधी पंचनामा करा. कुणी मारलं, का मारलं, कुणाच्या हुकमानं, ते लिहा. मग समेटाचं बघू. पंचनामा नसला की समेट म्हणजे माझ्या बापाची माफी."

ओटिंगच्या कोन्याक लोकांनी जे केलं ते याच्या फार लांब नव्हतं. न्याय होईपर्यंत त्यांनी सरकारी भरपाई नाकारली. काळे झेंडे लावले, मोर्चे काढले, असहकार पुकारला. राज्याच्या पोलिसांनी तपास करून तीस सैनिकांवर आरोपपत्र ठेवलं. केंद्रानं खटल्याला परवानगी दिली नाही. ज्या समाजात लोंगरी आओंनी शांततेच्या कामाआधी कित्येक वर्षं मिशनकार्य केलं होतं, तोच हा कोन्याक समाज. भरपाई घेऊन गप्प बसणं सोपं होतं, पुन्हा बंदुकीकडं वळणंही कठीण नव्हतं. पण ते अडून राहिले. दुसरा गाल पुढं करण्याचा अर्थ मला या अडून राहण्यात दिसतो. मारणाऱ्याच्या नजरेसमोरून हटायचं नाही, त्याला परत मारायचं नाही आणि जे झालं ते झालंच नाही असंही म्हणायचं नाही. मिशनच्या मास्तरांनी आजोबांना यातला एकच भाग शिकवला. उरलेले दोन भाग वडिलांनी स्वतःच शोधून काढले होते, फक्त त्यांना ते धर्माचे वाटत नव्हते.

डोंगरावरच्या प्रवचनात ज्यांना धन्य म्हटलं आहे, ते शांती 'करणारे' आहेत, शांती 'राखणारे' नाहीत. राखायची म्हणजे जे चाललंय ते तसंच चालू द्यायचं, आवाज होऊ द्यायचा नाही. चावडीवरच्या त्या समेटानं शांतता राखली होती. करायची म्हटली की नसलेली गोष्ट तयार करावी लागते. भाकरी करतात तशी ती रोज करावी लागते. सकाळची संध्याकाळी शिळी होते. नागालँडची युद्धबंदी पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावी लागली, हे मला पूर्वी अपयश वाटायचं. आता वाटतं, त्या कामाचं स्वरूपच तसं आहे. दर वाढीव मुदतीत किती घरांचे किती रविवार वाचले, याची नोंद कुठल्या खात्यात नसते.

वडील आता नाहीत. आमच्या मंडळीत गेली काही वर्षं मिळकतीवरून दोन तट आहेत. दोन्हीकडं वकील आहेत, तारखा आहेत. नाताळच्या दोन वेगळ्या उपासना होतात. प्रभुभोजनाला एका तटाचे लोक येतात तेव्हा दुसऱ्या तटाचे येत नाहीत. महाराष्ट्रातल्या बऱ्याच मंडळ्यांची हीच कथा आहे, त्यात नवल नाही. निवृत्त झाल्यावर दोन्हीकडच्या लोकांनी मला आपापल्या बाजूला यायला सांगितलं. बँकेतली बाई, हिशेब समजणारी, म्हणून.

मी त्यांना म्हटलं, बाजूला येणार नाही, पण हिशेब बघेन. दोन्हीकडून एकेक माणूस द्या आणि जुन्या वह्या काढा. महिनाभर कुणी आलं नाही. एका पाळकांनी मला सुचवलं, ताई, वह्या कशाला उघडता, प्रार्थना करू आणि समेट करू. मी म्हटलं, प्रार्थना करूच, वह्यांसकट करू.

आता दर मंगळवारी चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं बसतो. एका बाजूचे निवृत्त शिक्षक आहेत, दुसऱ्या बाजूचा एक तरुण दुकानदार. त्यांच्यात अजून सलामही होत नाही. दोघंही माझ्याशी बोलतात, एकमेकांशी नाही. सध्या १९९८ च्या वहीपाशी आहोत. मागच्या मंगळवारी एका भाड्याच्या रकमेची पावती मिळेना. शिक्षकांनी चष्मा पुसला आणि वही दुकानदारापुढं सरकवून म्हणाले, "तुमचे डोळे चांगले आहेत, बघा जरा."

त्यानं बघितलं. पावती अजून सापडलेली नाही. या मंगळवारी पुन्हा शोधू.